द्राक्षांमागचे कापड

स्वतःहून न हलणाऱ्या वस्तू समोर मांडून, त्यांच्याकडे पाहत काढलेले चित्र म्हणजे स्थिरचित्र. शाळेतली मुले त्याला 'वस्तुचित्र' म्हणतात, कलाशिक्षकांच्या तोंडी 'स्टिल लाइफ' असते. सतराव्या शतकात डचांनी या प्रकाराला 'स्टिललेव्हन', म्हणजे निश्चल जीवन, असे नाव दिले. फ्रेंचांनी पुढे त्याचे 'नातुर मोर्त', मृत निसर्ग, केले. मराठीने डचांचा अर्थ उचलला हे बरे झाले. घडातून काढलेले केळे मेलेले नसते. चित्र पुरे होईपर्यंत ते पिकत राहते, त्यावर काळे ठिपके येतात, आणि काल लावलेला रंग आज खोटा ठरतो.

स्थिरचित्रात काहीही मांडता येते, पण शिकण्या-शिकवण्यात सर्वांत जास्त वेळा मांडली जाते ती एकच जोडी: पुढे फळे आणि मागे कापड. मराठी घरांना ही जोडी नवी नाही. ओटी भरली जाते ती खणा-नारळाने. पूजेला चौरंगावर वस्त्र अंथरून त्यावर पाच फळे मांडतात, तेव्हा चित्रकाराची निम्मी मांडणी आपोआप झालेली असते. फरक इतकाच की पूजेत फळ महत्त्वाचे आणि वस्त्र त्याखालचे आसन. चित्रात मात्र कागदाचा मोठा भाग कापडच व्यापते. टेबल किती खोल आहे, उजेड कोणत्या बाजूने येतो, फळाचा लाल किती लाल दिसायचा, हे सगळे तेच सांगते. नवशिक्याचे फळ बहुधा जमते, कारण फळाचा आकार त्याला लहानपणापासून ठाऊक असतो. चित्र फसते ते ड्रॅपरीत. पडदा, चादर, साडी, अंथरलेले कोणतेही वस्त्र, सगळ्यांना कलावर्गात हा एकच शब्द आहे.

फळ आणि कापड यांच्यातली ही चुरस फार जुनी आहे. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात ग्रीसमधल्या दोन चित्रकारांच्या पैजेची गोष्ट नोंदवली. झ्यूक्सिसने द्राक्षे इतकी हुबेहूब रंगवली की पाखरे येऊन त्यांवर चोची मारू लागली. मग तो पार्‍हासियसकडे वळून म्हणाला, आता तुझ्या चित्रावरचा पडदा बाजूला कर. तो पडदाच चित्र होता. झ्यूक्सिसने हार मानली: त्याने पाखरांना फसवले होते, पार्‍हासियसने चित्रकाराला. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिचा निकाल कापडाच्या बाजूने लागला आहे.

त्यानंतर कित्येक शतके युरोपात फळे आणि कापड दोन्ही देवादिकांच्या, राजेरजवाड्यांच्या चित्रांत कोपऱ्यात पडून होती. स्वतंत्र विषय म्हणून ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आली. मिलान शहरातल्या आम्ब्रोसियाना संग्रहालयात काराव्हाजिओची फळांची टोपली आहे, साधारण १५९९ची. त्यात किडके सफरचंद आहे, भोके पडलेली, वाळत चाललेली पाने आहेत, आणि मागे कापड मुळीच नाही, नुसती फिकट सपाट भिंत. डचांनी उलट टेबलावर पूर्वेकडचे गालिचे अंथरले, पांढरे लिननचे कापड चुरगाळून त्यावर सोललेले लिंबू ठेवले. हे सगळे करूनही फ्रेंच अकादमीच्या लेखी स्थिरचित्राची पायरी शेवटची होती. माणसाचे शरीर काढणारा श्रेष्ठ, वस्तू काढणारा कनिष्ठ, असा तो हिशेब. अठराव्या शतकात शार्दँने स्वयंपाकघरातली भांडी आणि फळे काढून तो हिशेब खोटा पाडला, पण मोडला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेझानने. सेझान इतका सावकाश काम करी की फळे कुजून जात. मांडणी करताना तो फळांखाली नाणी सरकवून ती हवी तशी कलती करी, अशी आठवण त्याला काम करताना पाहिलेल्या एका तरुण चित्रकाराने सांगितली आहे. त्याच्या चित्रांतला पांढरा टेबलक्लॉथ एखाद्या डोंगरासारखा उभा राहतो. फळे त्याच्या दऱ्यांत विसावलेली असतात.

कापडाला थेट नायक केले ते हेन्री मातीसने. तो विणकरांच्या गावात, उत्तर फ्रान्समधल्या बोआँ इथे, वाढला. कापडाचे तुकडे जमवण्याची त्याला आयुष्यभर आवड होती आणि ते घेऊन तो एका घरातून दुसऱ्या घरात हिंडला. निळ्या नक्षीच्या एका कापडावर तो वर्षानुवर्षे परत येत राहिला. १९०९च्या एका चित्रात ते कापड टेबलावरून थेट भिंतीवर चढते, सगळी चौकट भरून टाकते, आणि फळांची थाळी त्यात बुडता बुडता वाचते. हातमाग आणि यंत्रमागांच्या गावांत राहणाऱ्या मराठी वाचकाला मातीस इतर युरोपीय चित्रकारांपेक्षा लवकर कळावा.

भारतात फळे चित्रांत होती, पण हातात, थाळीत, झाडावर. नुसती फळे समोर ठेवून काढण्याची रीत ब्रिटिश अमदानीतल्या कलाशाळांबरोबर आली. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये वस्तू पाहून रेखाटणे हा शिक्षणाचा पाया होता. तिथून बाहेर पडलेले ड्रॉइंग मास्तर जिल्ह्याजिल्ह्यांत गेले आणि तांब्या-वांगी-केळी यांचे वस्तुचित्र मराठी शाळेच्या फळ्यापर्यंत पोचले. शिक्षणाची पहिली इयत्ता म्हणूनच बहुतेकांनी त्याकडे पाहिले. ती ओलांडून माणसे व्यक्तिचित्रांकडे किंवा निसर्गचित्रांकडे गेली. मुंबईत राहून स्थिरचित्रालाच मुख्य विषय मानणारा मोठा चित्रकार म्हणजे कृ. हौ. आरा (१९१४–१९८५). १९४७च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या आरांनी मडकी, फुले, फळे जाड, भरदार रंगात आयुष्यभर रंगवली.

सातारा-सांगली भागात या कलेचे धागे औंधला येऊन मिळतात. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) सूर्यनमस्काराच्या प्रसारासाठी प्रसिद्ध आहेत, पण ते स्वतः चित्रकारही होते. त्यांनी रामायण चित्रांत उतरवले आणि १९१६ साली ते ग्रंथरूपाने निघाले. यमाईच्या डोंगरावर १९३८ साली त्यांनी उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रवि वर्मा आणि म. वि. धुरंधर यांची मूळ चित्रे आहेत, पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती आहेत, हेन्री मूरचे एक शिल्पही आहे. संग्रहालय पौराणिक चित्रांसाठी पाहिले जाते. तरीही फळे-कापडाच्या विद्यार्थ्याने तिथे एक फेरी फक्त लुगड्यांसाठी मारावी. गुडघ्यावर ताणलेले, कमरेशी चुणलेले आणि जमिनीवर लोळणारे वस्त्र कसे कसे वेगळे रंगवायचे, याचा तसा वस्तुपाठ सातारा जिल्ह्यात दुसरीकडे नाही.

औंधच्याच आश्रयाने वाढलेल्या एका माणसाची गोष्ट रंगांशी संबंधित आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) १८८५ साली चित्रकार व्हायला जे. जे. स्कूलमध्ये दाखल झाले. दोनेक वर्षांनी लक्षात आले की काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत. त्यांना अंशतः रंगांधत्व होते. रंगकाम सुटले, यांत्रिक रेखाटन मात्र त्यांनी पुरे केले. त्या रेखाटनाच्या बळावर ते यंत्रांकडे वळले, आणि १९१० साली औंध संस्थानातल्या, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या, माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. रंगांधत्वाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार लाल आणि हिरव्यात घोळ करतो. म्हणजे नेमका डाळिंब आणि त्याच्या पानात. स्थिरचित्राच्या वर्गात एखादे मूल पुन्हा पुन्हा तपकिरी डाळिंब काढत असेल, तर त्याला रागावण्याआधी डोळे तपासून घ्यावेत.

आज या दोन जिल्ह्यांतल्या बहुतेक मुलांची स्थिरचित्राशी गाठ पडते ती राज्याच्या कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांत. एलिमेंटरीला वस्तुचित्र आणि त्यानंतरच्या इंटरमिजिएटला स्थिरचित्र, असे ते नाव बदलते. नावाबरोबर अपेक्षाही वाढते: वस्तुचित्रात भांडे आणि फळ-भाजी ओळखू यावी, प्रमाणात यावी, छायाप्रकाश दिसावा. स्थिरचित्रात मांडणी मोठी होते, मागे कापड येते आणि त्या सगळ्यांचे एकमेकांशी नाते रंगात दाखवावे लागते. दहावीच्या गुणपत्रिकेत या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून वर्ग गच्च भरले. त्याचा एक तोटाही झाला. गुणांसाठी पाठ केलेले स्थिरचित्र सुरू झाले: डावीकडे निळी बाटली, उजवीकडे लाल सफरचंद, मागे तीन तिरक्या घड्यांचे पिवळे कापड. समोर काय मांडले आहे याकडे न पाहताही ते काढता येते, आणि स्थिरचित्राचा सगळा हेतू तिथेच संपतो. याच्या पुढची पायरी सांगलीच्या कलाविश्व महाविद्यालयासारख्या संस्थांत येते. तिथे एकच मांडणी दिवसच्या दिवस तशीच ठेवून काम चालते.

काम सुरू होते ते उजेडापासून. दिवे दोन-तीन असले की सावल्याही दोन-तीन पडतात आणि फळाची गोलाई मरते. म्हणून उजेड एकाच बाजूने, शक्यतो डावीकडून थोडा वरून यावा. उत्तरेची खिडकी घ्यावी, हा युरोपातून आलेला नियम इथे जसाच्या तसा लागू होत नाही. सातारा आणि सांगली सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून साधारण जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्याच्या सकाळ-संध्याकाळी तर ऊन सरळ उत्तरेच्या खिडकीतून आत येते. जून-जुलैत ढगांनी ही अडचण आपोआप सुटते. ढगाळ आभाळाचा उजेड मऊ आणि दिवसभर सारखा असतो, म्हणून पावसाळी सकाळ फळे रंगवायला चांगली. मेमध्ये मात्र उत्तरेच्या खिडकीवर पांढरे मांजरपाट टांगावे.

उजेडानंतर मांडणी. वर्गात याला 'सेटिंग लावणे' म्हणतात आणि त्याला वेळ द्यावा लागतो. अर्धा तास गेला तरी तो फुकट जात नाही. फळे एका रांगेत ठेवू नयेत, एकमेकांच्या कडांना नेमकी टेकवूही नयेत. एक फळ दुसऱ्याच्या थोडे पुढे येऊन त्याचा काही भाग झाकत असले की खोली दिसते. सगळ्यांची देठे एका दिशेला असली की ती कवायतीला उभी राहिल्यासारखी वाटतात. वेगवेगळ्या उंचीसाठी घरातलाच पितळी तांब्या किंवा मातीचे सुगड घ्यावे. तांब्याच्या तोंडाचा गोल डोळ्यासमोर लंबवर्तुळ होतो, आणि तो जितका डोळ्याच्या पातळीजवळ तितका चपटा दिसतो. बुडाचा गोल डोळ्यापासून दूर, म्हणून तोंडापेक्षा जास्त फुगीर. इथे चूक झाली की तांब्या टेबलावर बसत नाही, कलंडतो.

आता कापड. मराठीत कापडाच्या वळणांना जितके शब्द आहेत तितकेच प्रकार चित्रकाराला वेगळे पाहावे लागतात. इस्त्रीने पडते ती घडी: सरळ, धारदार, दोन सपाट बाजू एका रेघेवर मिळालेल्या. लुगड्याला घालतात ती निरी: मोजून दुमडलेली, वर घट्ट आणि खाली सुटत जाणारी. एका बिंदूशी कापड गोळा झाले की तयार होते ती चुणी. तिच्या रेषा त्या बिंदूतून किरणांसारख्या फाकतात. आणि नुसती बसल्या-उठल्याने येते ती सुरकुती, तिला दिशाच नसते. ड्रॅपरी लावताना पहिल्या तीन आवश्यक, चौथी शक्यतो झटकून टाकावी. पडदा दोन खिळ्यांवर टांगला की मध्ये झोळ येतो आणि अर्धगोल वळणे पडतात. एका खिळ्यावर टांगला की ती सरळ खाली उतरतात. कापड कशाला अडकले आहे ते चित्रात दिसले नाही तरी त्याच्या वळणांवरून कळले पाहिजे.

प्रत्येक वळणाच्या अंगावर उजेडाच्या पायऱ्या असतात. उजेडाकडची बाजू, मग मधली छटा, मग सर्वांत गडद पट्टा, आणि त्याच्या पलीकडे शेजारच्या वळणावरून उसळून आलेला मंद परावर्तित उजेड. ही शेवटची पायरी नवशिके विसरतात. ती नसली की चुणी म्हणजे कापडावर ओढलेली काळी रेघ होते. एका मांडणीत पन्नास वळणे दिसत असतील तर त्यांतली तीन-चार मुख्य निवडून पुरी करावीत, बाकीची एकमेकांत विरू द्यावीत. डोळे किलकिले करून पाहिले की बारीकसारीक गोष्टी आपोआप नाहीशा होतात आणि मोठी वळणे तेवढी उरतात. आणखी एक जागा जपायची: उभे कापड संपून टेबलावरचे आडवे कापड सुरू होते ती. दोन्ही एकाच कापडाची असली तरी आडव्यावर उजेड जास्त पडतो. तो फरक दाखवला नाही तर फळे हवेत तरंगतात.

कापडाचा पोत तर पूर्ण वेगळा विषय आहे आणि या भागाला त्यात तोटा नाही. वर्गात सर्रास साटीन आणतात, कारण ते स्वस्त मिळते आणि चमकते. नेमके म्हणूनच ते नवशिक्याला अवघड. त्याचे उजळ ठिपके धारदार असतात, थोडे हलले तरी जागा बदलतात. त्यापेक्षा माण-खटाव, जत, आटपाडी या भागातली घोंगडी घ्यावी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, खड्ड्याच्या मागावर विणलेली, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली घोंगडी उजेड परत फेकत नाही, पिऊन टाकते. तिची वळणे मोठी आणि गोल पडतात, कडा कडक राहते. तिचा रंग काळा म्हणतात, पण पाहिले तर त्यात तपकिरी, राखाडी आणि थोडा निळाही असतो. पांढरट पेरू किंवा पिवळी केळी घोंगडीवर जशी उठून दिसतात तशी कुठल्याच साटीनवर दिसत नाहीत. खण दुसऱ्या टोकाला आहे. उभ्या आणि आडव्या धाग्यांचे रंग वेगळे असले की तो धूपछाँव दिसतो: एका बाजूने हिरवा, वळणावर जांभळा. तिथे सावली म्हणजे त्याच रंगाचा गडद प्रकार, हा नियम मोडतो. सांगलीकडच्या घरांत हमखास सापडणारे चौकडीचे इरकली लुगडे शिकणाऱ्याचा खरा मित्र आहे. त्याच्या चौकडीच्या रेषा वळणावर वाकतात, सखलात लपतात, आणि कापड कुठे उंच कुठे खोल ते स्वतःच सांगतात. विट्याच्या किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागाचे बिनधुतले सुती कापड सर्वांत साधे. पहिल्या चित्राला तेच योग्य.

रंगांच्या बाबतीतही पहिला धडा कापडानेच दिला आहे. पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या सरकारी कारखान्यात शेव्ह्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचा प्रमुख होता. काळ्या लोकरीचा रंग फिका उतरतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासले तर रंगात दोष नव्हता. काळा धागा ज्या रंगांच्या शेजारी विणला जात होता, ते रंग डोळ्याला फसवत होते. १८३९ साली त्याने यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन रंग शेजारी आले की प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतो, हे त्याचे सार. लाल डाळिंब हिरव्या खणावर ठेवा, ते पेटून उठते. तेच लाल लुगड्यावर ठेवा, ते विटकरी दिसते. राखाडी घोंगडीवर ते जसे आहे तसे दिसते. म्हणून फळ रंगवून झाल्यावर कापड भरायचे, ही शाळकरी सवय मुळातच चुकीची आहे. कापडाचा रंग बदलला की फळ पुन्हा रंगवावे लागते. दोन्हींवर पहिला पातळ हात एकदमच द्यावा. पांढरे कापड असेल तर फळाखालच्या सावलीत डाळिंबाचा लालसर उजाळा शोधावा, तो असतोच.

फळांचे स्वभाव वेगवेगळे. डाळिंब गोल नसते, ते हलकेच दाबलेल्या चेंडूसारखे असते आणि त्याला सपाट पैलू असतात. आटपाडी-जतकडचे भगवा वाणाचे डाळिंब चकचकीत असते, त्यामुळे त्याच्या सालीवर खिडकीचे छोटे चौकोनी प्रतिबिंब पडते. ते गोल ठिपक्याने दाखवले की फळ प्लास्टिकचे वाटते. त्याच्या तोंडावरचा मुकुट हा फुलाचा राहिलेला भाग. तो नीट काढला की फळ कोणत्या बाजूला कलले आहे ते कळते. सीताफळाचे डोळे मोजत बसू नये. उजेड-सावलीच्या सीमेवरचे आठ-दहा डोळे नीट काढावेत, उजेडात आणि गडद सावलीत ते विरघळू द्यावेत. भिलार-महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवरचे पिवळे दाणे बारीक खळग्यांत बसलेले असतात. प्रत्येक खळग्याच्या एका कडेला उजेड आणि दुसरीला सावली असते. स्ट्रॉबेरी तासा-दोन तासांत मान टाकते, तिची हिरवी टोपी आधी सुकते. म्हणून मांडणीत सर्वांत आधी तीच रंगवावी.

द्राक्षे मात्र वेगळीच. बाकी फळे उजेड अडवतात, हिरवे द्राक्ष त्याला आत घेते. डावीकडून उजेड आला तर डावीकडे छोटा पांढरा ठिपका आणि उजवीकडे, जिथे डाळिंबावर सावली असते तिथे, आतून पिवळसर उजाळा दिसतो. सावलीचा नियम इथे उलटतो आणि अनेकांची द्राक्षे त्यामुळेच हिरव्या गोट्या होतात. ताज्या द्राक्षावर मेणाचा पातळ, पांढुरका थर असतो. हाताळल्याने तो पुसला जातो, म्हणून घड देठाला धरूनच ठेवावा. घड रंगवताना आधी तो एक सबंध, खाली निमुळता आकार मानून त्यावर मोठी छाया-प्रकाशाची विभागणी करावी, मग पुढचे पाच-सहा मणी पुरे करावेत. मागच्यांना फक्त कडेची एखादी कोर पुरते. जलरंगात काम असेल तर ते पांढरे ठिपके कागदाचेच राखून ठेवावे लागतात, नंतर वरून लावलेला पांढरा खडूसारखा दिसतो. तैलरंगात ते शेवटी लावता येतात, आणि चूक खरवडून काढता येते. परीक्षेला मात्र जलरंग, पोस्टर कलर किंवा तत्सम माध्यमच चालवावे लागते, कारण तैलरंग त्या वेळात वाळत नाही.

सावल्यांबद्दल एक राहिलेच. फळाची टेबलावर पडलेली सावली फळाला चिकटलेल्या ठिकाणी सर्वांत गडद आणि धारदार असते, दूर जाताना फिकी व मऊ होते. कापडाच्या चुणीवरून जाताना ती चुणीबरोबर वर चढते, खाली उतरते. ही चढउतार दाखवली की फळ आणि कापड एकाच जागेत आहेत याची खूण पटते. एवढी एक गोष्ट जमलेले चित्र, बाकी ओबडधोबड असले तरी, चांगले.

शेवटची अडचण ऋतूंची. रेखाकला परीक्षा साधारणपणे पावसाळा संपता संपता येतात, तेव्हा बाजारात सीताफळ, पेरू, केळी आणि डाळिंब असते. स्ट्रॉबेरी नोव्हेंबरच्या पुढे उतरू लागते. तासगाव-मिरज पट्ट्यात त्या सुमाराला द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी चाललेली असते आणि घड हाती यायला जानेवारी उजाडतो. एप्रिलपर्यंत हंगाम आटोपतो, उरलेला माल शेडमधल्या जाळ्यांवर बेदाण्यासाठी पसरला जातो. बाकीच्या महिन्यांत सांगलीच्या चित्रकाराला द्राक्ष हवेच असेल, तर हिरवा, पिवळा आणि काळा बेदाणा आहे. तो बारा महिने मिळतो, आणि त्याच्या अंगावर कापडापेक्षाही जास्त सुरकुत्या असतात.